गुरुवारचा बंद आणि शुक्रवारचा कमी दाब: पुण्याच्या पाण्याच्या एका आठवड्याचा अभ्यास

पुणे महापालिकेचे एक प्रसिद्धिपत्रक वर्षानुवर्षे जवळजवळ शब्द न बदलता निघत आले आहे. आधी पर्वती, लष्कर, वडगाव, वारजे, होळकर, चतुःशृंगी अशी जलकेंद्रांची यादी. मग विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक तातडीच्या देखभाल-दुरुस्तीचे कारण. मग गुरुवारची तारीख, आणि शेवटी कुठल्याही पुणेकराला पाठ असलेला मजकूर: शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल. त्याखाली बारीक टाइपात भागांची लांबलचक यादी असते. तिच्यात आपली पेठ, आपली सोसायटी शोधायची आणि बुधवारी रात्री बादल्या भरायच्या. काम 'तातडीचे' असूनही ते नेमके गुरुवारीच कसे उद्भवते, असा प्रश्न आता कोणी विचारत नाही. दत्ताचा वार म्हणून गुरुवारचा उपास करणारी घरे या शहरात पूर्वीपासून आहेतच. त्यात नळाच्या उपासाची भर पडली.

एरवी हा गुरुवार महिन्या-दोन महिन्यांनी येतो आणि विसरला जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात मात्र तो दर आठवड्याला आला. १८ मेपासून शहराच्या बहुतेक भागांत दर गुरुवारी पाणी बंद ठेवण्याचा निर्णय झाला आणि पाऊस येऊन धरणे भरू लागेपर्यंत तो चालला. या लेखात त्याच निर्णयाचा अभ्यास आहे. मला त्यात एकच गोष्ट तपासायची आहे: महापालिकेने ज्याला 'एक दिवस' म्हटले, तो नळाशी उभ्या असलेल्या माणसासाठी किती दिवसांचा होता?

गुरुवारच का

याचे उत्तर पाण्यापेक्षा विजेत जास्त सापडते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सगळे कारखाने एकाच दिवशी चालू आणि एकाच दिवशी बंद राहिले तर विजेवर ताण येतो, म्हणून वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळे सुट्टीचे वार ठरवून दिले गेले, त्यात इथे गुरुवार आला. त्यामुळे महावितरणही वाहिन्या आणि उपकेंद्रांची देखभाल याच वारी काढते. जलकेंद्राचे पंप विजेवर चालतात. वीज बंद राहणारच असेल तर पंप उघडून बघायचे, गळके व्हॉल्व्ह बदलायचे, नवी जलवाहिनी जुनीला जोडायची, असा साधा व्यवहारी हिशेब त्यामागे आहे, आणि त्यात काही गैर नाही. रात्रंदिवस चालणारा पंप वर्षात कधीच थांबवला नाही, तर तो एक दिवस स्वतःहून थांबेल, आणि तो दिवस गुरुवार असेलच असे नाही.

पुण्याचे पाणी मुख्यतः खडकवासला धरणातून उचलले जाते. त्याच्या पाठीमागे पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात खडकवासला सगळ्यात लहान, १.९७ टीएमसीचे, ते साठवणुकीपेक्षा वाटपाचे धरण आहे. वरच्या धरणांतून पाणी इथे येते आणि इथून बंदिस्त जलवाहिनीने पर्वतीला, तसेच इतर केंद्रांना जाते. पूर्व पुण्याला २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी मिळते. शुद्ध झालेले पाणी उंचावरच्या टाक्यांत चढवायचे आणि तिथून उताराने वस्तीत सोडायचे, ही पद्धत. बहुतेक भागांत नळाला पाणी दिवसातून काही ठरावीक तासच असते. कुठल्या भागाला किती वाजता सोडायचे हे चावीवाल्याच्या हातात. लोखंडी झाकण उघडून, लांब दांड्याची चावी घालून व्हॉल्व्ह फिरवणारा हा माणूस महापालिकेच्या आकृतिबंधात बराच खाली आहे, पण गल्लीतल्या बायकांना आयुक्तांचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा मोबाइल नंबर ठाऊक असतो.

निर्णय कसा झाला

२०२३ च्या वसंतात हवामान खात्याने एल निनोची शक्यता वर्तवली होती. राज्य सरकारने धरणांतले पाणी पिण्यासाठी ऑगस्टअखेरपर्यंत पुरेल असे नियोजन करायला सांगितले. खडकवासला प्रकल्पाचे पाणी फक्त पुण्याचे नाही. हवेली, दौंड, इंदापूरची शेती त्याच मुठा उजव्या कालव्यावर उभी आहे, आणि उन्हाळी आवर्तन सोडायचे की नाही, किती सोडायचे, हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कालवा सल्लागार समितीत ठरते. त्या बैठकीत शहर नेहमीच आरोपीच्या पिंजऱ्यात असते: मंजूर कोट्यापेक्षा जास्त उचलता, गळती थांबवत नाही, वापरलेले पाणी शुद्ध करून कालव्यात परत द्यायचे कबूल केले होते, ते पुरेसे देत नाही. यातले बरेचसे खरेही आहे.

तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली होती आणि आयुक्त विक्रम कुमार हेच प्रशासक होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार स्थायी समितीची बैठक आठवड्यातून एकदा व्हायला हवी. प्रशासकाच्या काळात ती बैठक कागदावर होत होती, आणि समिती म्हणजेही तेच प्रशासक. पाणीकपात हा एरवी सभागृहात दणकून गाजणारा विषय. हंडे घेऊन आलेल्या महिला, फोडलेली मडकी, तहकूब सभा, हे सगळे पुण्याने अनेकदा पाहिले आहे. २०२३ मध्ये त्यातले काही न होता एक आदेश निघाला. मला नगरसेवकांच्या सभात्यागांचे फार कौतुक नाही. पण कपात कुठे जाचते हे आदल्या दिवशी सांगणारी दीडशेहून जास्त माणसे त्या निर्णयात नव्हती, ही उणीव पुढच्या शुक्रवारी दिसली.

आदेश निघाला तो सोपाही होता. शहरभर एकच वार, सवयीचा वार, सवयीचे पत्रक. सिंहगड रस्ता, धनकवडी, कात्रज, कोंढवा अशा वडगाव केंद्रावरच्या भागांत आधीपासूनच आठवड्यातून एकेक दिवस पाळीने पाणी बंद असायचे, ते वेळापत्रक तसेच ठेवले. बाकी शहराला गुरुवार.

इथे एक गोष्ट नजरेआड झाली. देखभालीचा बंद आणि टंचाईचा बंद या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पाणी आहे पण यंत्र थांबवायचे आहे. काम जितक्या लवकर आटपेल तितके बरे, आणि शक्य असेल तर एकाच केंद्रापुरते. दुसऱ्यात यंत्र ठीक आहे पण पाणी कमी खर्चायचे आहे. तिथे ताण सगळ्यांवर सारखा पडतो का, हा मुख्य प्रश्न. महापालिकेने दुसऱ्या दुखण्याला पहिल्याचे औषध दिले.

बुधवार रात्र ते शनिवार

बुधवारी संध्याकाळपासून शहर साठवू लागते. मोठ्या सोसायटीत हे दिसतही नाही. तिथे जमिनीखाली हौद असतो, गच्चीवर टाक्या असतात, आणि व्यवस्थापक बुधवारी दोन्ही काठोकाठ भरून घेतो. दीड दिवसाचा साठा असेल तर गुरुवार हा तिथल्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक निरोप असतो, एवढेच. आंघोळीला शॉवर चालतो, यंत्रात कपडे धुतले जातात.

पेठेतल्या वाड्यात चित्र वेगळे. एका चौकात सात-आठ बिऱ्हाडे, मोरीतला एकेक नळ, तळमजल्यावर थोडा दाब, माडीवर धार बारीक. पिंप, कळशा, बादल्या, कुकरसुद्धा, हाताशी असेल ते सगळे भरून ठेवायचे. हीच पेठ दोन-अडीचशे वर्षांपूर्वी साठवणीवर जगत होती, हे जाता जाता आठवते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून, हवा सुटायला जागोजागी उच्छ्वास ठेवलेल्या नळाने शहरात पाणी आणले ते हौदांत: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. त्या हौदांची नावे आता बसथांब्यांना आणि चौकांना उरली आहेत. वस्तीत, म्हणजे जनता वसाहत किंवा पर्वती पायथ्याला, दहा बाय बाराच्या खोलीत दोन पिंपे ठेवली की माणसांना जागा कमी पडते. तिथे साठवण हा पैशाइतकाच चौरस फुटांचा प्रश्न आहे.

गुरुवारी पाणी येत नाही. त्याची तयारी असते, म्हणून गुरुवारी फारशी तक्रारही नसते. खरी गोष्ट शुक्रवारी सुरू होते, आणि पत्रकातल्या 'उशिरा व कमी दाबाने' या चार शब्दांत ती दडलेली आहे, म्हणून तिथे थोडे थांबू.

चोवीस तास बंद राहिल्यावर टाक्या तळाला गेलेल्या असतात आणि वस्तीतल्या जलवाहिन्या रिकाम्या. पंप सुरू झाले की आधी मोठ्या वाहिन्या भरतात, मग टाक्या. टाकीत पुरेशी उंची आल्याशिवाय खाली सोडण्यात अर्थ नसतो, दाबच मिळत नाही. तिकडे रिकाम्या नळांत हवा भरलेली असते. उंचवट्यावर, वळणावर हवेचा बुडबुडा अडकला की पाणी त्यापुढे सरकत नाही; नळ उघडला तर फुसफुस आवाज येतो आणि चार थेंब पडतात. हवा बाहेर सोडण्यासाठी वाहिनीवर एअर व्हॉल्व्ह असावे लागतात. जुन्या शहरात ते अनेक ठिकाणी नाहीत, काही रस्त्याच्या डांबराखाली गेले आहेत. त्यात पहिले पाणी गढूळ. रिकाम्या वाहिनीत आतून दाब नसतो, त्यामुळे जिथे सांधा गळका आहे तिथून बाहेरची घाण आत शिरू शकते. क्लोरीन ज्या प्रमाणात टाकीवर मिसळले त्याच प्रमाणात टोकापर्यंत पोहोचते, असे अशा दिवशी गृहीत धरता येत नाही.

आता पाणी आले. ते पहिले कुणाला? उतारावरच्यांना, टाकीजवळच्यांना, आणि ज्यांच्याकडे रिकामा हौद आहे त्यांना. सोसायटीचा हौद रस्त्याच्या पातळीच्या खाली असतो. दाब कितीही कमी असो, त्यात पाणी पडतच राहते. एरवी तासाभरात भरणारा हौद शुक्रवारी तळाला गेलेला असतो, म्हणून तो तीन-तीन तास ओढतो. काही ठिकाणी नळालाच थेट मोटर लावलेली असते. ती बेकायदा आहे, आणि ती कुठल्या गल्लीत आहे हे गल्लीला ठाऊक असते. या सगळ्यांची तहान भागेपर्यंत त्या भागाची ठरलेली वेळ संपते आणि चावीवाला व्हॉल्व्ह फिरवून पुढच्या भागाकडे जातो, कारण तिथलेही लोक थांबलेले असतात. टोकाच्या गल्लीला, टेकडीवरच्या वस्तीला, वाड्याच्या माडीला शुक्रवारी काही येत नाही. त्यांचा पुढचा पाळीचा तास शनिवारी.

२०२३ मध्ये पहिल्या काही आठवड्यांत नेमक्या याच तक्रारी आल्या: पाणी शुक्रवारी आलेच नाही, काही ठिकाणी शनिवारीही धड नाही. टँकरचा आधार घ्यावा तर टँकरही त्याच जलकेंद्रांच्या पाण्यावर भरतात. बंदच्या दिवशी भरणा केंद्रांवर पाणी नाही, दुसऱ्या दिवशी रांग. ज्याला परवडते तो बोअरच्या पाण्याचा खासगी टँकर मागवतो. ज्याला परवडत नाही तो सायकलला कॅन अडकवून जिथे नळ चालू आहे त्या ओळखीच्या घरी जातो.

म्हणजे एकाच आदेशाखाली एका घराचा बंद शून्य दिवसांचा होता, एकाचा एक दिवसाचा, आणि एकाचा अडीच-तीन दिवसांचा.

वाचले किती आणि कोणाचे

शहर त्या काळात रोज साधारण दीड ते पावणेदोन हजार दशलक्ष लिटर पाणी उचलत होते. हिशेबाला सोळाशे धरू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८,३०० दशलक्ष लिटर. तेव्हा एक गुरुवार पूर्ण, एक थेंबही न उचलता पाळला तर वाचतात ०.०५६ टीएमसी. महिन्याला चार गुरुवार म्हणजे पाव टीएमसीही नाही. १८ मेपासून जुलैअखेरपर्यंत अकरा गुरुवार येतात. ते सगळे काटेकोर पाळले गेले असे धरले तरी बचत ०.६२ टीएमसी, म्हणजे एकट्या खडकवासल्याच्या एक तृतीयांशापेक्षा थोडी कमी.

ही बचत क्षुल्लक म्हणून उडवून लावणारे लेख तेव्हा बरेच आले. मला ते अर्धवट वाटतात. अकरा दिवसांचे पाणी वाचले म्हणजे पाऊस लांबला तर अकरा दिवस जास्त मिळाले. त्या वर्षी पाऊस लांबलाही. जूनचा शेवटचा आठवडा आला तेव्हा कुठे मान्सून पुण्या-मुंबईत पोहोचला. पुढचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सावधगिरी चुकीची नव्हती.

आक्षेप घ्यायचा तो वेगळ्या जागी. लोक बुधवारी जास्त साठवतात आणि शुक्रवारी शिळे म्हणून ओततात, त्यामुळे काहीच वाचत नाही, असे म्हटले जाते. ओतून देतात हे खरे. पण जलकेंद्रे एरवीही जवळपास पूर्ण क्षमतेने चालतात. गुरुवारी न उचललेले पाणी ती शुक्रवारी भरून काढू शकत नाहीत. तेव्हा धरणात पाणी उरते. मात्र सोसायट्या आपला खड्डा शुक्रवारच्या पाण्यातून भरून काढतात. शहराचा एकूण पुरवठा घटला आणि काहींनी आपला वाटा पूर्ण घेतला, तर सगळी तूट उरलेल्यांच्या वाट्याला येणार, हे सरळ गणित आहे. वाचलेले पाणी शहराने सारखे दिले नाही. ज्यांच्याकडे ते साठवायला भांडे नव्हते त्यांच्याकडून ते घेतले गेले.

शेजारी दुसरा आकडा ठेवू. पुण्यातली गळती तीस ते चाळीस टक्के असल्याचे महापालिकाच सांगत आली आहे. त्यात जुन्या वाहिन्यांची गळती आहे, चोरीच्या जोडण्या आहेत, न मोजलेला वापर आहे. पस्तीस टक्के धरले तर रोज साडेपाचशे दशलक्ष लिटरच्या पुढे. याचा अर्थ, अख्ख्या शहराने एक गुरुवार कोरडा काढून जेवढे वाचवले तेवढे तीन दिवसांत हिशेबाबाहेर जाते. हे सगळे पाणी जमिनीत मुरत नाही, कुणाच्या तरी घरात ते जातेच, हे मान्य. तरीही दौंड-इंदापूरचा शेतकरी कालवा समितीत जे बोलतो त्याला पुणेकराने उत्तर द्यायचे तर ते या आकड्यापाशी अडकते.

मग गुरुवारचा बंद का निवडला? माझे मत असे की, त्याची निम्मी उपयुक्तता दिसण्यात होती. शहरही काटकसर करते आहे, हे शेतीला आणि सरकारला दाखवायचे होते. 'रोज पाच टक्के कपात' कोणाला दिसत नाही. 'गुरुवारी पाणी बंद' ही मात्र बातमी होते.

दुसरे काय करता आले असते

रोज थोडी थोडी कपात हा पुस्तकी पर्याय. प्रत्येक भागाची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी कमी करायची. त्यात वाहिन्या रिकाम्या होत नाहीत, हवा भरत नाही, शुक्रवारसारखा गोंधळ नाही. पण टोकाच्या वस्तीला आजच जेमतेम पाणी पोहोचते. तिथे शेवटची वीस मिनिटे हीच खरी वेळ असते. कपात सर्वांची, आणि नळ कोरडा मात्र पुन्हा त्यांचाच. हा पर्याय चावीवाल्याच्या घड्याळावर आणि त्याच्यावर येणाऱ्या दबावावरही अवलंबून आहे. वीस मिनिटांची चोरी कोणाला पकडता येत नाही.

दुसरा पर्याय पाळीपाळीने भाग बंद ठेवण्याचा, जो वडगावच्या पट्ट्यात चालत होता. आज कात्रज, उद्या धायरी. यात केंद्र थांबत नाही, मोठ्या वाहिन्या भरलेल्या राहतात, आणि ज्या भागाचा बंद संपला त्याला दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त वेळ देता येतो. शिवाय टँकर भरता येतात आणि शेजारच्या भागात पाणी असते. यासाठी प्रत्येक भाग वेगळा तोडता येईल असे व्हॉल्व्ह लागतात. जुन्या पेठांत वाहिन्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की एक गल्ली बंद करायला गेले तर भलतीच कोरडी पडते. तरीही हडपसर, कोथरूड, बाणेरसारख्या नव्या भागांत हे करण्यासारखे होते. शहरभर एक वार ठेवल्याने महापालिकेचे काम सोपे झाले. एक आदेश, एक पत्रक, दुरुस्तीचे कामही त्यातच. पाळीच्या पद्धतीत रोज कुठले तरी पत्रक काढावे लागले असते आणि रोज कुठून तरी फोन आले असते.

२०२२ च्या जुलैमध्ये, ४ तारखेपासून, शहरात दिवसाआड पाणी देण्याचाही निर्णय झाला होता. पाऊस आला आणि आठवडाभरात तो विषय मिटला. दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून शुक्रवार, असे त्याचे स्वरूप. चालला असता तर आठवड्यात तीनदा हवा भरली असती.

पवनेकाठचा धडा

दिवसाआड पाणी कसे चालते हे पाहायला पुण्याला लांब जावे लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. सुरुवातीला ती तात्पुरती सोय होती. त्यानंतर पवना धरण पावसाळ्यामागून पावसाळे भरले, पद्धत तशीच राहिली. प्रशासनाचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही: रोज सगळ्यांना अर्ध्या दाबाने देण्यापेक्षा निम्म्यांना आज आणि निम्म्यांना उद्या पूर्ण दाबाने दिले, तर टोकापर्यंत पाणी जाते आणि तक्रारी घटतात. पण त्याचबरोबर प्रत्येक नव्या इमारतीने मोठा हौद बांधला. घराघरांनी दोन दिवसांचे साठवायची सवय लावून घेतली, आणि रोज पाणी देण्याचा दबावच ओसरला. टंचाईचा उपाय एकदा लोकांनी आपल्या खर्चाने पचवला की तो मागे घेण्याची निकड राहत नाही. पुण्याचा साप्ताहिक गुरुवार २०२३ च्या पावसाळ्यात मागे घेतला गेला, ही त्यातली चांगली बाजू.

मीटर बसले, पण कशासाठी

या प्रकरणातला मला सगळ्यात खटकणारा भाग पुढचा आहे. बंद लागला तेव्हा शहरात समान पाणीपुरवठा योजनेचे काम अर्ध्या वाटेवर होते. चोवीस तास पाणी, सगळ्यांना सारख्या दाबाने, हे तिचे उद्दिष्ट. त्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. बातम्या झाल्या, छायाचित्रे झाली. पैसा आला, पण खोदाईला वेळ लागतो: निविदांचा वाद, फेरनिविदा, टाक्यांच्या जागा, रस्ते खोदायच्या परवानग्या, आणि मुदतवाढी. आराखड्यात ८२ टाक्या, शेकडो किलोमीटर वाहिन्या, तीन लाखांवर मीटर, आणि शहराचे १४१ पाणी-विभाग.

या विभागांतच सगळे मर्म आहे. प्रत्येक विभागाला ठरलेल्या टाकीतून पाणी, विभागाच्या तोंडाशी प्रवाह मोजणारे मीटर, आणि प्रत्येक जोडणीवर मीटर. तोंडाशी शंभर लिटर गेले आणि जोडण्यांवर सत्तर मोजले, तर तीस कुठे गेले हे त्याच विभागात शोधायचे. हीच रचना शुक्रवारच्या प्रश्नाला लागू पडते. विभाग वेगळा करता आला की पाळीपाळीने बंद शक्य होतो. मीटर असले की कुठल्या सोसायटीने शुक्रवारी किती ओढले आणि कुठल्या गल्लीत शनिवारपर्यंत आकडा हललाच नाही, हे कळते. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर आणि वाढत्या टप्प्यांचे दर लावून पंधरा वर्षांपूर्वीच चोवीस तास पाणी देऊन दाखवले.

पुण्यात मीटर बसवले गेले, पण घरगुती पाणीपट्टी मोजलेल्या पाण्यावर नव्हे, मिळकतीच्या करयोग्य मूल्यावरच चालू राहिली. मीटरने बिल येणार या भीतीने काही ठिकाणी लोकांनी ते बसवू दिले नाहीत, आणि बिलाचा विषय राजकीय म्हणून कोणी हाताळला नाही. बिल नसो. पण वाचनावरून कपातीचा भार कसा वाटला गेला हे सांगायला कुठल्या निवडणुकीची अडचण नव्हती. अकरा आठवड्यांत असा एकही तक्ता लोकांसमोर ठेवला गेला नाही. महापालिकेने बंद मोजला तो जलकेंद्राच्या फाटकाशी: किती तास पंप थांबले, किती उचलले नाही. नळाशी मोजणी झालीच नाही.

याला सीमेवरच्या गावांची जोड आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यांतल्या अनेकांना अजून नीट शुद्ध केलेले पाणी नाही, टँकर किंवा विहीर हाच आधार. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिथल्या विहिरीच्या पाण्याकडे आणि क्लोरीनकडे गेले. त्याचा गुरुवारच्या बंदशी संबंध जोडणे चूक ठरेल. पण वाहिनीत दाब नसणे आणि क्लोरीन शेवटपर्यंत न पोहोचणे ही केवळ गैरसोय नाही, आरोग्याचा विषय आहे, हे त्या महिन्यात शहराला कळले. बंदनंतरच्या पहिल्या पाण्याची टोकाच्या नळावर क्लोरीन तपासणी करून निकाल जाहीर करणे, हे दोन माणसांचे आणि एका छोट्या संचाचे काम आहे.

पुढच्या पत्रकासाठी

देखभालीचा गुरुवार यायचाच. तो बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. बदल पत्रकात आणि शुक्रवारच्या कामात करता येतील, आणि ते नव्या जलवाहिन्यांची वाट पाहत नाहीत.

कारण खरे लिहावे: देखभाल की टंचाई. देखभाल असेल तर ज्या केंद्रावर काम आहे तेच बंद ठेवावे, सहाही नव्हे. भागांच्या यादीपुढे शुक्रवारची वेळ लिहावी. 'उशिरा' हा शब्द काढून टाकावा. टाकी किती वाजता भरेल आणि कुठल्या क्रमाने सोडणार, हे अभियंत्याला आदल्या दिवशी ठाऊक असते, कारण चावीवाल्याला तो तेच सांगतो. हा क्रम दर वेळी उलटा करावा, म्हणजे या गुरुवारनंतर जी वस्ती शेवटी होती ती पुढच्या वेळी पहिली. मोठ्या हौदांच्या सोसायट्यांना शुक्रवारी दुपारपर्यंत अर्ध्यावर व्हॉल्व्ह ठेवावा. त्यांचा दीड दिवसाचा साठा तोवर पुरतो. टँकर भरणा केंद्रांपैकी निदान एक-दोन बंदच्या दिवशी दुसऱ्या स्रोतावर चालू ठेवावीत आणि तिथले टँकर टोकाच्या वस्त्यांसाठी राखावेत. शनिवारी संध्याकाळी पाणीपुरवठा विभागाने विभागवार तक्ता लावावा: पाणी किती वाजता सुटले, टोकाला किती वाजता पोहोचले, क्लोरीन किती निघाले.

आणि हा तक्ता त्या आठवड्याच्या स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेवर यावा. कायद्याने ती बैठक दर आठवड्याला घ्यायचीच असते. रस्त्यांच्या निविदांमध्ये पंधरा मिनिटे शुक्रवारच्या नळासाठी काढता येतील.